'बाळाला पेटीत ठेवलंय'

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

फोन येतो. 'मुलगा झाला', असं पलीकडून कुणीतरी सांगतं आणि पेढ्यांचा विचार मनात यायच्या आत दुसरं वाक्य कानावर पडतं, 'पण बाळाला पेटीत ठेवलंय.' मग आनंद करायचा की काळजी, हेच कुणाला कळत नाही. मिठाईच्या दुकानाकडे निघालेले आजोबा दारातच थांबतात.

मी ३० वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. त्यातली शेवटची १४ वर्षं नवजात अतिदक्षता कक्षात गेली आणि निवृत्त झाले ती परिसेविका म्हणून. आजारांविषयी डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त नेमकं बोलतील. पण कक्षाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या आईबापांशी रात्री-अपरात्री बोलायचं काम आमच्याकडे असतं. ते काय विचारतात आणि काय विचारायचं त्यांच्याकडून राहून जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी त्या पेटीबद्दल. लोक ज्याला पेटी म्हणतात, ती काचेसारख्या पारदर्शक झाकणाची बंद पेटी म्हणजे इन्क्युबेटर. पण आपल्याकडच्या पुष्कळ कक्षांत बाळ ठेवलेलं असतं उघड्या पाळण्यात आणि त्याच्या डोक्यावर हीटर असतो. त्याला वॉर्मर म्हणतात. दोन्हींचं मुख्य काम एकच, ऊब देणं. तुम्हाला-मला थंडी वाजली तर आपण कुडकुडतो आणि त्यातून अंगात ऊब येते. नुकतं जन्मलेलं बाळ कुडकुडू शकत नाही. त्यातून ते दिवस भरायच्या आधी आलेलं असेल तर अंगावर चरबीचा थर नसतो आणि कातडी कागदासारखी पातळ असते. असं बाळ गार पडलं की ऊब टिकवण्यासाठी अंगातली साखर आणि ऑक्सिजन खर्च करत बसतं आणि थकतं. म्हणून त्याच्या पोटावर एक चकचकीत टिकली चिकटवलेली दिसते, तिला तार असते. बाळाची कातडी किती गरम आहे हे ती टिकली वॉर्मरला कळवत राहते आणि त्याप्रमाणे हीटर कमी-जास्त होतो. ती टिकली सुटली तर बाळाला किती ऊब द्यायची हे यंत्राला कळेनासं होतं, म्हणून आम्ही तिच्याकडे सारखं बघत असतो.

कोणती बाळं इथे येतात? गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेली, फार कमी वजनाची, जन्मल्यावर वेळेत न रडलेली, धाप लागलेली, कावीळ फार वाढलेली, जंतुसंसर्ग झालेली. सरकारी रुग्णालयांत ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ सहसा थेट विशेष नवजात कक्षात घेतात. तेव्हा तीन किलोचं गुटगुटीत बाळही शेजारच्या पाळण्यात दिसलं तर चकित होऊ नका. ते कदाचित तुमच्या दीड किलोच्या बाळापेक्षा जास्त आजारी असेल. वजनावरून सगळं कळत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती प्रत्येक बाकड्यावर कुणी ना कुणी बोलतंच. 'सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.' हे साफ चूक आहे. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील तितकी त्याची तयारी जास्त. आठव्यातल्या बाळाची आई आधीच रडून अर्धी झालेली असते, तिच्या कानाशी हे वाक्य कुणी बोलू नये.

पहिल्यांदा आत येताना चपला बाहेर, गाऊन अंगावर आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढायच्या. बांगड्यांवरून कुरबूर होतेच. बाळंतिणीच्या हातातला हिरवा चुडा उतरवायचा म्हटलं की सासूबाईंच्या कपाळावर आठी येते. मी त्यांना सांगायचे, 'आजी, बांगडीखालचा मळ साबणाला सापडत नाही, पण जंतूंना सापडतो. चुडा पिशवीत ठेवा, घरी जाताना मी स्वतः तिच्या हातात घालीन.' आणि घालायचेही. हात धुणं हा आमच्या कक्षातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा उपचार आहे. डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुता तुमच्या बाळाला हात लावताना दिसल्या तर तुम्हीही टोका. आम्हाला राग आला तरी चालेल.

मग बाळ दिसतं. पहिल्या भेटीत बहुतेक वडिलांचा चेहरा उतरतो. काहींना घेरी येते, म्हणून आम्ही स्टूल जवळच ठेवतो. बाळ लालसर, अंगभर लव, कान मऊ आणि दुमडलेले, हातापायांच्या काड्या. टाचेला सुई टोचल्याच्या खुणा, हातात सलाइन, तोंडातून किंवा नाकातून पोटात गेलेली बारीक नळी. 'इतक्या नळ्या म्हणजे आता काही खरं नाही', असं मनात येतं. पण यातल्या बऱ्याच नळ्या उपचारापेक्षा नजर ठेवण्यासाठी असतात, आणि पोटातली नळी तर नुसती दुधाची वाट असते.

यानंतर आईबाप बाळाकडे बघायचं सोडून मॉनिटरकडे बघायला लागतात, असं मी नेहमी पाहिलं. बाळाच्या तळव्याला एक लाल दिवा बांधलेला असतो. रक्तात ऑक्सिजन किती आहे, हे त्यावरून पडद्यावर दिसतं. बाळाने पाय झाडला की आकडा एकदम घसरतो आणि यंत्र बोंबलायला लागतं. बापाचा जीव कंठाशी. सिस्टर मात्र शांतपणे येते, आधी बाळाचा रंग आणि छाती बघते आणि मग यंत्राचं बटण दाबते. तिला काही वाटत नाही असं नव्हे. घंटा वाजली की आधी बाळ बघायचं आणि मग यंत्र, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं.

आणखी एक. ऑक्सिजन लावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हा आकडा आम्ही साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवायला बघतो. एका टेम्पो चालवणाऱ्या दादांनी मला हात जोडून सांगितलं होतं, 'सिस्टर, शंभर करा ना, लागेल तेवढे पैसे भरतो.' त्यांना वाटलं, आम्ही ऑक्सिजनमध्ये काटकसर करतोय. पण अशा बाळांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात आणि दृष्टी जाऊ शकते. इथे जास्त म्हणजे चांगलं नसतं. डोळ्यांकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

श्वासाचं थोडं सांगते. आपल्या फुप्फुसांत बारीक बारीक फुगे असतात. ते श्वास सोडल्यावर चिकटून मिटू नयेत म्हणून आत साबणाच्या फेसासारखा एक थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४ आठवडे लागतात. त्याआधी आलेल्या बाळाचे फुगे दर श्वासाला मिटतात आणि प्रत्येक श्वास नव्या फुग्यात पहिल्यांदा हवा भरण्याइतका जड जातो. बाळ कण्हतं, बरगड्या आत ओढल्या जातात. म्हणूनच प्रसूती लवकर होणार असं दिसलं तर डॉक्टर आईला आधीच स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. जन्मल्यानंतर बाळाच्या नाकाला आखूड नळ्या लावून थोड्या दाबाने हवा देतात, म्हणजे फुगे मिटत नाहीत. त्याला सीपॅप म्हणतात. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं आणि ते सतत बुडबुडत असतं. तो आवाज चालू आहे म्हणजे यंत्र नीट चाललंय. काही बाळांना तो फेसाचा थर औषध म्हणून थेट फुप्फुसात द्यावा लागतो, काहींना व्हेंटिलेटर लागतो. व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, हा समज मोठ्यांच्या आजारांवरून आलेला. लहान बाळं काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून उतरतात आणि पुढे शाळेतही जातात.

फार लवकर आलेली बाळं कधी कधी श्वास घ्यायला चक्क विसरतात. मेंदूतलं ते केंद्र अजून कच्चं असतं. २० सेकंद गेले की यंत्र ओरडतं, सिस्टर तळव्याला टिचकी मारते, बाळ दचकतं आणि श्वास घेतं. यासाठी रोज जे औषध देतात ते कॅफिन, म्हणजे आपल्या चहा-कॉफीत असतं तेच. 'तुमच्या लेकाला सकाळची कॉफी दिली', असं मी म्हटलं की रडवेली आईसुद्धा हसायची.

आता मनाची तयारी कशाची ठेवायची, ते सांगते. वाट सरळ वर जात नाही. पहिल्या आठवड्यात वजन कमी होणारच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं तर दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि जन्माच्या वजनाला परत यायला दोन आठवडे लागू शकतात. रोज 'आज किती ग्रॅम?' हा एकच प्रश्न विचारणाऱ्यांचा जीव त्या काळात फार टांगणीला लागतो. कावीळ होते, निळ्या दिव्याखाली ठेवतात, डोळ्यांवर पट्टी असते. तो दिवा चटका देणारा नसतो. टाळूवर यंत्र ठेवून डोक्याची सोनोग्राफी करतात, त्यात बाळाला दुखत नाही. आणि कधी कधी असं होतं, की काल दूध पचवणारं, हातपाय हलवणारं बाळ आज मलूल पडतं, पोट फुगतं, दूध बंद होतं, पुन्हा सलाइन. 'काल तर चांगलं होतं हो!' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. या बाळांची प्रतिकारशक्ती इतकी कमी असते की जंतुसंसर्ग काही तासांत रूप बदलतो. डॉक्टर ४८ तास थांबू म्हणतात, तेव्हा ते टोलवत नसतात. रक्ताच्या तपासणीत जंतू वाढतात का, हे कळायला तेवढा वेळ लागतोच.

या सगळ्यात आई कुठे असते? सिझेरियन झालेली असेल तर दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात. तिला सगळे सांगतात, 'तू आराम कर, बाळाकडे डॉक्टर आहेत.' चांगल्या मनाने सांगतात. पण हा सल्ला निम्मा चुकीचा आहे, कारण एक औषध फक्त तिच्याकडेच असतं.

ते औषध म्हणजे दूध. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक चमचाभर असतो आणि बाळालाही सुरुवातीला तेवढाच लागतो. एका वेळी एक-दोन मिलिलिटर, नळीतून थेट पोटात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं फार नाजूक. त्याला सूज येऊन ते सडण्यापर्यंत मजल जाते असा एक भयंकर आजार आहे. आईच्या दुधावरच्या बाळांत तो वरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा बराच कमी दिसतो. म्हणून प्रसूतीनंतर काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करायची आणि दिवस-रात्र मिळून आठ वेळा काढायचं. पहिल्या दिवशी थेंबच येतील. थेंब बघून 'हिला दूधच नाही' असं जाहीर करणाऱ्या नातेवाईक बायकांना मी बाहेर पाठवायचे, वयाचा मान ठेवूनही. जितकं काढाल तितकं येतं, आणि न काढता पाच-सहा दिवस गेले की ते आटायला लागतं.

त्या टेम्पोवाल्या दादांची बायको २५ किलोमीटरवर तालुक्याच्या रुग्णालयात होती. आमच्याकडून निर्जंतुक वाट्या नेऊन दादा सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलवर बर्फाच्या डब्यात दूध आणायचे. पहिल्या खेपेला तीन मिलिलिटर आणलं आणि लाजून म्हणाले, 'एवढंच आहे.' मी त्यांना आत नेलं आणि ते दूध नळीतून जाताना बघायला लावलं. मधल्या वेळच्या दुधासाठी आईचं पुरेसं नसेल तर दूधपेढी असलेल्या रुग्णालयात दुसऱ्या मातांचं तपासलेलं, पाश्चराइझ केलेलं दूध मिळू शकतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी सुरू केली. ती आशियातली पहिली.

बाळाला स्वतः चोखून, गिळून आणि त्याच वेळी श्वास घेऊन प्यायला जमतं ते साधारण ३४ आठवड्यांपासून. त्याआधी काही दिवस वाटी-चमच्याने किंवा चोच असलेल्या भांड्याने पाजतात. आजींना हे भांडं दाखवलं की त्या म्हणतात, 'अगं, हे तर आमचं बोंडलं!' खरंच तसंच ते.

दुसरं औषध म्हणजे आईची छाती. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात बाळं जास्त आणि पेट्या कमी, अशी स्थिती होती. त्यांनी लहान बाळं आयांच्या छातीवर, कातडीला कातडी लागेल अशी उभी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पिल्लाला पिशवीत ठेवते, त्यावरून या पद्धतीला नाव पडलं. बाळाला फक्त टोपी, लंगोट, मोजे. वरून आईचा पदर किंवा शाल. बाळ उबदार राहतं, श्वास संथ होतो, आईला पान्हा फुटतो. वडीलही हे करू शकतात. छातीवर केस आहेत म्हणून लाजणारे बरेच भेटले, बाळाला त्याची काही अडचण नसते. एका वेळी निदान तासभर तरी बसा. पाच मिनिटांसाठी बाळाला उचलून पुन्हा ठेवण्यात त्याची दमणूकच होते.

पूर्वी आम्ही म्हणायचो, बाळ आधी स्थिर होऊ दे, मग कांगारू. २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत आणि आफ्रिकेतले चार देश, मिळून तीन हजारांहून जास्त बाळं, वजन एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आत. आपल्याकडे हे काम दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झालं. अर्ध्या बाळांना नेहमीसारखं स्थिर झाल्यावर कांगारू दिलं. अर्ध्यांना जन्मानंतर लगेच, त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच टाकली. पहिल्या गटात महिन्याभरात शंभरातली जवळपास १६ बाळं गेली, दुसऱ्या गटात १२. हा फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही लगेच सुरू करा, असं सांगितलं.

हे वाचलं त्या दिवशी मला एक बाई आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा आयांना आत घ्यायचं नाही, असाच नियम होता. बहुतेक ठिकाणी तसाच होता आणि आम्हाला तो बरोबरच वाटायचा. चार वाजता काचेपलीकडून दाखवायचं, बस. तिचं बाळ ११०० ग्रॅमचं होतं. रोज चारच्या आधी येऊन ती काचेशी उभी राहायची. एकदा तिने खुणेने विचारलं, हात लावू का? मी मान हलवून नाही म्हटलं. नवव्या दिवशी पहाटे बाळ गेलं. कापडात गुंडाळून मी तिच्या हातात दिलं. तिने कापड सोडलं, पाय बघितले, बोटं मोजली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'किती मऊ आहे हो.' नऊ दिवसांत तिने त्याला पहिल्यांदा हात लावला होता.

म्हणून सांगते, आत येऊ द्यायला विचारा. बऱ्याच सरकारी कक्षांत आता आईबापांना शिकवून त्यांच्याकडून बाळाची काळजी करून घेतात. लंगोट बदलणं, नळीचं दूध धरणं, अंग पुसणं. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात याची सुरुवात झाली आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तुमच्या रुग्णालयात तसं नसेल, तर 'आम्हाला काय करता येईल?' एवढं तरी रोज विचारा. आणि बाळ फार अत्यवस्थ असेल, डॉक्टरांनी आशा कमी आहे असं सांगितलं, तरीही हात लावायला, मांडीवर घ्यायला मागा. प्रत्येक बाळ घरी जात नाही, हे मी लपवणार नाही.

डॉक्टरांशी बोलायचं तर घरातल्या एकाच दोघांनी, ठरलेल्या वेळी. पाच काका पाच वेळा विचारतात आणि पाच वेगवेगळे अर्थ घेऊन घरी जातात. 'स्थिर आहे' याचा अर्थ 'धोका टळला' असा होत नाही. कालच्यापेक्षा बिघडलेलं नाही, एवढाच तो होतो. नेमकं विचारा: ऑक्सिजन वाढवला की कमी केला? दूध किती आणि पचतंय का? श्वास विसरणं कमी झालं का? आज नवीन काय सुरू केलं आणि का? वहीत लिहून ठेवा. खासगी रुग्णालयात असाल तर रोजचा अंदाजे खर्च आणि कोणती सरकारी योजना लागू आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला रात्री आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर 'रात्री आत कोण असतं?' असं लोक विचारायला लागले. काही सिस्टरना त्याचा राग यायचा. मला तो प्रश्न योग्य वाटतो. विचारा.

घरच्या रीतींचं म्हणाल तर पाचवी घरी पुजा, नाव ठेवा. कक्षात आम्ही 'अमकीचं बाळ' म्हणतो, पण तुम्ही नाव घेऊन बोलायला लागलात की सिस्टरही त्याच नावाने हाक मारतात. काजळ, गुटी, मध मात्र बिलकुल नाही. अंगाऱ्याची पुडी आईने आपल्या उशाखाली ठेवावी, पाळण्यात नको.

आता डोळ्यांकडे येते. बाळ घरी जायच्या आनंदात ही तपासणी सगळ्यात जास्त विसरली जाते. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर इतरही बाळांची, पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फारच लहान बाळांची त्याही आधी. बाळ बाहेरून छान दिसतं, दिव्याकडे बघतं, आणि आत पडदा सुटत चाललेला असतो. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते. काही आठवडे उशीर झाला तर जन्माचं अंधत्व. पावसाळा आहे, बाळंतिणीला बाहेर कशी काढू, सव्वा महिना झाल्यावर नेऊ, या कारणाने राहून गेलेली बाळं मी पाहिली आहेत. कागदावर तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला पाऊस असला तरी न्या. कानांची तपासणीही करून घ्या.

घरी कधी सोडतात? बाळ सगळं दूध तोंडाने घ्यायला लागलं, सलग काही दिवस वजन वाढलं, वॉर्मरशिवाय अंग गरम राहिलं आणि आईला सगळं जमायला लागलं, की. घरी पाहुण्यांची रांग नको, खोकणाऱ्याने जवळ येऊ नये, कांगारू चालूच ठेवायचं. आशाताई घरी येऊन बघून जातील, त्यांना बाळाचा कागद दाखवा. आणि बाळ बसायला, चालायला उशीर करतंय असं वाटलं तर वय मोजताना जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करा. शेजारणीच्या बाळाशी तुलना त्यानंतर.

टेम्पोवाल्या दादांचं बाळ ४१ दिवसांनी घरी गेलं. जाताना वजन १७९० ग्रॅम होतं. चुडा मी घातला. दारात आई थांबली आणि म्हणाली, 'सिस्टर, तिथे मशीन नाही. मला कळणार कसं?' मी तिला आत परत बोलावलं आणि बसवलं. तळपाय हाताला गार लागले तर लगेच छातीशी घ्यायचं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे आणि तेवढेच आले तर घेऊन यायचं. दूध पिणं सोडलं, मलूल झालं, झटका आला, पिवळेपणा तळव्यापर्यंत गेला, छाती आत ओढली गेली, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. तिने सगळं परत म्हणून दाखवलं.

त्याच रात्री दोन वाजता वॉर्डातला फोन वाजला. तीच होती. 'सिस्टर, ४४ भरले. पण नाकातून घुर्रघुर्र आवाज येतोय.' मी विचारलं, दूध प्यायला का? 'आत्ताच प्यायला. आता झोपलाय माझ्या अंगावर.' मी म्हटलं, मग अगं, तो घोरतोय. तूही डोळे मीट.